कडेची पायरी

चवथ आठ-दहा दिवसांवर आली की गोव्यात पेडणे आणि डिचोलीच्या वाड्यांवर एक काम कुणी न सांगता सुरू होतं. तळी घासायची. देवळालगतची असो की घरामागच्या परड्यातली, गणपती त्याच पायऱ्यांवरून पाण्यात जायचा असतो. आणि श्रावणभर कोसळलेल्या पावसाने जांभ्याच्या त्या पायऱ्या अशा बुळबुळीत झालेल्या असतात, की रोज उतरणारा माणूसही कडेच्या दगडाला धरूनच पाऊल टाकतो. मग नारळाचं सोडण येतं, चुलीतली राख येते आणि पायरीपायरीने घासणं सुरू होतं. हिरवा लगदा ओघळत पाण्यात जातो, दगडाचा तांबडा रंग वर येतो. बोटांना मात्र तो ओला, मातकट वास संध्याकाळपर्यंत चिकटून राहतो.

गणपती जातो. पंधरा दिवसांत पायरी पुन्हा हिरवी.

पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याला जे दाद देत नाही, त्याच्याकडे एकदा जवळून बघायला हवं. सोडणावरचा तो लगदा टाचणीच्या टोकाएवढा घेऊन काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आधी दिसतात हिरवे तंतू. मग हिरवे गोल मणी. अधूनमधून होडीच्या आकाराच्या, काचेसारख्या कवचाच्या डब्या; त्यांना डायटम म्हणतात. आणि या सगळ्यांच्या मधल्या जागेत, कुणाच्या पाठीला चिकटलेले, कुणाभोवती घुटमळणारे, दिसतात न दिसतात असे ठिपके आणि कांड्या. ते जिवाणू. काचपट्टी कितीही सरकवा, शेवाळाचा एकही मणी त्यांच्यावाचून सापडत नाही.

वेन बेल आणि राल्फ मिचेल या दोघा शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये या घुटमळण्याला एक नाव दिलं: फायकोस्फिअर. शेवाळाच्या पेशीभोवतीचा पाण्याचा अगदी पातळ थर, ज्यात पेशीतून झिरपलेली साखर आणि इतर द्रव्यं साचलेली असतात. मराठीत त्याला अंगण म्हणावं. घराच्या भिंतीपलीकडचं, पण घराचंच. उन्हात बसून शेवाळ साखर तयार करतं, त्यातली थोडी बाहेर पाझरते आणि तिच्या वासाने जिवाणू अंगणात जमतात. जमणारे सगळेच फुकटे नसतात. बी-१२ हे जीवनसत्त्व घ्या. जगात ते फक्त जिवाणू आणि त्यांच्यासारखेच पेशीकेंद्र नसलेले सूक्ष्मजीव बनवतात. झाडांना येत नाही, माणसाला येत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २००५ मध्ये शेवाळांच्या ३२६ जाती तपासल्या, तेव्हा त्यातल्या १७१ जातींना बी-१२ बाहेरूनच लागतं असं दिसलं. अंगणातला जिवाणू ते पुरवतो आणि साखर घेऊन जातो. अर्ध्याहून जास्त शेवाळं अशी शेजाऱ्याच्या भरवशावर जगतात.

गोव्याच्या माणसाला हे ऐकून नवल वाटायचं कारण नाही. आषाढ-श्रावणात रोयणीवर, म्हणजे वारुळावर, ओळमी म्हणजे अळंबी उगवतात, त्या वेचायला पहाटे रानात जाणारी माणसं इथे अजून आहेत. त्या ओळमीचं बूड खाली वारुळात वाळवीने सांभाळलेल्या बुरशीच्या मळ्यात असतं. वाळवी पालापाचोळा आणून त्या मळ्याला खत घालते, बुरशी तो कुजवून वाळवीला पचेल असा करून देते. एकीला दुसरीवाचून जगणं नाही. आणि याच रोयणीला गोव्याने सांतेर देवी म्हणून देवळात बसवलं.

आता प्रश्न असा येतो: शेजारी एवढे उपयोगाचे असतील तर तळ्यातले निवडक जिवाणू वेचून, एकत्र करून, शेवाळाला मुद्दाम दिले तर? शेवाळ वाढवायचं कशाला, असं पायरी घासणारी बाई विचारील आणि तिचं विचारणं रास्त आहे. पण कोळंबीच्या बीजोत्पादन केंद्रात पिल्लांचं पहिलं अन्न डायटम असतं. ते कमी पडलं की पिल्लं मरतात. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद शोषून घ्यायला शेवाळ लागतं. आणि भातशेतीत तर त्याचा मान जुना आहे. पी. के. डे या शास्त्रज्ञाने १९३९ मध्येच दाखवून दिलं होतं, की साचलेल्या पाण्याच्या भातखाचरात हवेतलं नत्र जमिनीत आणण्याचं काम निळं-हिरवं शेवाळ करतं. पेडण्यातल्या खाजन शेतांत बांध घालून, मानशीची दारं भरती-ओहोटीला उघड-बंद करून जे कोरगुट भात पिकत आलं, त्याच्या पायाशी साचलेल्या पाण्यावरची हिरवी साय कुणी खत म्हणून विकत आणलेली नव्हती.

तेव्हा निवडक शेजारी गोळा करायचे. पण ते एकमेकांना चालतील का?

याची परीक्षा साधी आहे आणि बघण्यासारखी आहे. मयेच्या तळ्याचं पाणी निर्जंतुक बाटलीत भरून प्रयोगशाळेत आणलं असं समजू. मये म्हणजे डिचोली तालुक्यातलं, डोंगरांच्या कुशीतलं, सहलीच्या होड्यांचं तळं. त्या पाण्याचा एक भाग नऊ भाग निर्जंतुक पाण्यात, त्यातला एक भाग पुन्हा नऊ भागांत, असं पाच-सहा वेळा विरळ करत नेतात. शेवटच्या नळीतला थेंब प्लेटवर पसरतात. दोन दिवसांनी प्लेटवर टिकल्यांसारख्या कॉलनी उमटलेल्या दिसतात: पांढऱ्या, पिवळ्या, एखादी केशरी, एखादी शेंबडासारखी चिकट. प्रत्येक टिकलीत एकाच जातीचे लाखो जीव. त्यातल्या स्फुरद विरघळवणाऱ्या, नत्र पकडणाऱ्या, वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या चार-सहा बाजूला काढल्या, की खरी परीक्षा सुरू.

विद्यार्थिनी बर्नरच्या ज्योतीत तारेची कडी लाल होईपर्यंत धरते. प्लेटच्या काठाशी टेकवून निववते. चर्र असा बारीक आवाज येतो. मग एका जातीची कॉलनी कडीला लावून प्लेटवर वरून खाली एक उभी रेघ ओढते. हात हलका, अगरला ओरखडा पडता कामा नये. कडी पुन्हा ज्योतीत. दुसऱ्या जातीची रेघ आडवी, पहिलीला छेदून जाणारी. कडी पुन्हा ज्योतीत. तिसरी, चौथी. झाकण लावायचं, प्लेट पालथी करायची म्हणजे झाकणावर जमलेलं पाणी रेघांवर टपकत नाही, आणि इनक्युबेटरमध्ये तीस अंशांच्या आसपास ठेवून घरी जायचं. दोन दिवसांनी येऊन ती प्लेट उजेडाकडे धरते. जिथे दोन रेघा एकमेकींना भेटतात त्या जागीच सगळं लिहिलेलं असतं. दोन्ही रेघा एकमेकींतून सलग गेल्या असतील तर दोघींचं जमतं. फुलीपाशी येता येता एक रेघ बारीक झाली असेल, किंवा तिथे काचेसारखी रिकामी जागा असेल, तर एकीने दुसरीला मारणारं काहीतरी सोडलं आहे. वहीत अधिक किंवा उणे. त्या दोघी पुन्हा एका बाटलीत घालायच्या नाहीत.

ज्या थिजलेल्या थरावर हे सगळं घडतं, तो अगर स्वतः शेवाळाचाच. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून तो काढतात. घराघरांतल्या फडताळात चायना ग्रास म्हणून जी पांढरी पुडी असते, दुधात घालून जिची वडी थिजवतात, तोच हा पदार्थ. आधी जर्मनीत जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्याकडे जिवाणू जिलेटिनवर वाढवत, आणि उन्हाळा आला की जिलेटिन पातळ होऊन सगळे प्रयोग वाहून जात. वाल्टर हेस हे तिथले डॉक्टर याने हैराण झाले होते. त्यांची पत्नी फॅनी उन्हाळ्यातही न वितळणारी जेली घरी करायची; जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती अगर वापरायला शिकली होती. तिने नवऱ्याला ते सुचवलं, ते साल १८८१. पुढच्याच वर्षी कॉख यांनी क्षयाच्या जिवाणूवरच्या लेखात अगरचा उल्लेख केला. फॅनीचं नाव त्यात नाही. हे नाव आज प्रत्येक सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे. तिने ते सुचवलं नसतं, तर गोव्यातल्या मे महिन्यात एकाही प्लेटवर रेघ टिकली नसती.

नावाचा एक योगायोगही इथे आठवतो. पेडण्यात शापोरा नदीकाठी आगरवाडा आहे, मिठागरांचा गाव. त्याचं आगर आपल्या मराठीतलं, मिठाचं. प्रयोगशाळेतलं अगर मलय भाषेतून आलेलं. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मिठागराच्या कोंड्यांत उन्हाळ्यात पाणी दाट होत जातं आणि कधी त्याला लालसर-गुलाबी झाक येते, तीही एका जोडीची करामत असते. ड्युनालिएला नावाचं शेवाळ त्या भयंकर खारटपणात फुटू नये म्हणून अंगात ग्लिसरॉल साठवतं. त्यातलं जे बाहेर येतं त्यावर मीठप्रिय सूक्ष्मजीव पोसतात. दुसरं कुणी जिथे जगत नाही अशा ठिकाणी ही दोघं एकमेकांच्या सोबतीने राहतात.

प्लेटवरचं अधिक-उणे जमलं म्हणजे काम झालं असं मात्र नाही. न्यूट्रिएंट अगर हे मेजवानीचं ताट आहे. पोटभर जेवण समोर असताना दोन जण भांडले नाहीत, एवढंच त्यातून कळतं. तळ्यात रोजचं जेवण अर्धपोटी असतं. तिथे तेच दोघं एकाच कणावर तुटून पडू शकतात. म्हणून पुढची पायरी फ्लास्कची. क्लोरेला नावाचं हिरवं शेवाळ घ्यायचं; ते नाव बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १८९० मध्ये दिलं. एका फ्लास्कमध्ये नुसतं क्लोरेला, दुसऱ्यात क्लोरेला आणि एक जिवाणू, तिसऱ्यात दुसरा जिवाणू, चौथ्यात दोघे मिळून. ट्यूबलाइटखाली दहा-बारा दिवस. रोज थोडं पाणी काढून पेशी मोजायच्या, हिरवेपणा मोजायचा. आणि इथे असं घडतं, की जो जिवाणू एकटा असताना शेवाळ भरभरून वाढवत होता, तो दुसऱ्या चांगल्याच्या जोडीला आला की दोघांचं मिळून काहीच होत नाही. प्लेटवर त्यांचं भांडण नव्हतं. तरीही.

जमलेल्या जोड्यांचीही उदाहरणं आहेत. मेक्सिकोत योआव बशान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला आणि अ‍ॅझोस्पिरिलम यांना अल्जिनेटच्या इवल्या मण्यांत एकत्र कोंडून वाढवलं. क्लोरेला एकट्यापेक्षा जोमाने वाढलं. अ‍ॅझोस्पिरिलम म्हणजे तेच, ज्याचं पाकीट कालवून आपल्याकडे भाताच्या रोपांची मुळं लावणीआधी बुडवतात. तो मुळांचा जिवाणू, तळ्यातला नव्हे. पण जे संप्रेरक तो मुळांना देतो तेच शेवाळालाही मानवतं.

आणि बिघडलेली जोडीही लक्षात ठेवावी अशी आहे. फिओबॅक्टर नावाचा एक समुद्री जिवाणू शेवाळाच्या अंगाखांद्यावर राहतो, वाढीचं द्रव्य पुरवतो, परक्या जिवाणूंना दूर ठेवणारं औषधही सोडतो. शेवाळ म्हातारं होऊ लागलं, की त्याच्यातून कुमारिक आम्ल पाझरायला लागतं. त्याची चाहूल लागताच तोच जिवाणू शेवाळाला मारणारं विष बनवायला घेतो. हे २०११ मध्ये उलगडलं. परीक्षेच्या दिवशी या जोडीला अधिक मिळालं असतं, महिन्याभराने उणे. वहीतल्या खुणेशेजारी तारीख आणि परिस्थिती लिहिणं किती गरजेचं आहे, हे या एका जिवाणूकडून शिकण्यासारखं आहे.

यातलं बरंच गोव्याच्या समोरच्या समुद्राने आधीच दाखवलेलं होतं. उन्हाळ्याच्या दिवसांत किनाऱ्यालगत कधीकधी लाकडाच्या भुशासारखे पिवळट-तपकिरी पट्टे तरंगताना दिसतात. ते ट्रायकोडेस्मियम, हवेतलं नत्र पकडणारं समुद्रातलं निळं-हिरवं शेवाळ. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी सत्तरच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावर या पट्ट्यांच्या मागे मागे राहून एक गोष्ट टिपली: ते मरून कुजू लागलं की त्या पाण्यात कोण कोण येतं, कोणाच्या मागून कोण. एकाच्या मरणातून सुटलेल्या नत्रावर दुसऱ्याची पंगत बसते, त्या दुसऱ्याला खायला तिसरा येतो. प्लेटवर दोन रेघा एकाच वेळी भेटतात. समुद्रात आणि तळ्यात बरेचसे शेजारी एकमेकांच्या पाठोपाठ येतात. काही जोड्या समोरासमोर कधी उभ्याच राहत नाहीत.

डिचोली तालुक्यात तळ्यांची आणखी एक जात आहे, जिला पायऱ्या नाहीत. लामगाव, शिरगाव, मुळगावच्या बाजूला लोहखनिज काढून राहिलेले खड्डे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग काही सुरू झाल्या, मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. पंप बंद पडले की खड्डा भरत जातो. पावसात पाणी लाल, उन्हाळ्यात गाळ खाली बसला की निळसर-हिरवं, वरून बघणाऱ्याला फार सुंदर. त्या पाण्यात ऊन भरपूर आहे आणि चहूबाजूंनी लोखंड. तरी शेवाळाच्या दृष्टीने ते उपाशी पाणी असू शकतं. प्राणवायू असलेल्या पाण्यात लोखंड गंजतं, गंजाचे कण स्फुरदाला घट्ट धरतात आणि दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. ताटात वाढलेलं, पण हाताला न लागणारं. लोखंड विरघळवून धरणारे रेणू सोडणारे जिवाणू असतात. समुद्रातल्या मॅरिनोबॅक्टरचा असा रेणू उन्हात फुटतो आणि लोखंड शेवाळाच्या हाती पडतं, असं २००९ मध्ये दिसून आलं. स्फुरद सोडवणारे असतात, नत्र आणणारे असतात. लाल मातीच्या या खड्ड्यांत आज त्यातले कोण उतरले आहेत, कोण कोणाला चालतो, हे विचारणं म्हणजे खणून टाकलेल्या जागेत पुन्हा जीव कसा धरतो हे विचारणं. डिचोलीच्या मुलांनी विचारावा असा याहून जवळचा प्रश्न क्वचितच असेल.

भीती दुसऱ्या बाजूची आहे, आणि ती खरी आहे. साबणाचं पाणी, निर्माल्य, गटाराची धार तळ्यात आली की शेवाळाला कुणी निवडून शेजारी द्यावे लागत नाहीत. ते स्वतःच माजतं. दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं, मेलेलं शेवाळ कुजवायला जिवाणूंना आणखी लागतो, आणि पहाटे मासे पाण्यावर तोंडं काढतात. हरमलच्या किनाऱ्यावर, खाऱ्या समुद्रापासून वाळूच्या पट्ट्याएवढ्या अंतरावर, गोड्या पाण्याचं तळं आहे. तिथे दरवर्षी किती माणसं उतरतात ते पेडणेकरांना सांगायला नको. असं तळं एकदा माजलं की कुठल्याही प्रयोगशाळेतली पुडी ते परत निवळून देत नाही. जिवाणूंच्या पुड्या विकणाऱ्यांनी तसं आश्वासन दिलं, तरी देत नाही.

शिवाय प्लेटवर जे उगवतात ते थोडेच. तळ्यातल्या शंभर जिवाणूंपैकी जेमतेम एक अगरवर वाढायला राजी होतो. बाकीच्यांना वेगळं अन्न, वेगळी सोबत, वेगळा वेळ हवा असतो. निवड करायची ती त्या एकातून. उरलेले नव्याण्णव अजून पायरीवरच राहतात.

म्हणून एक मागणं आहे. पुढच्या चवथीला तळी घासायला उतराल तेव्हा मधल्या पायऱ्या खुशाल लख्ख करा. तिथून देव जायचा आहे, मागून मुलं उतरायची आहेत. साबण मात्र घेऊ नका, सोडण आणि राख पुरे. आणि कडेची एक पायरी, जिथे कुणाचा पाय पडत नाही, तेवढी न घासता राहू द्या.